बसऱ्याला गेलेले पणजोबा: एका कुळकथेची छाननी

पार्श्वभूमी

मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचं हे शेतकरी घराणं. भावकीने कुलवृत्तांत काढायचं ठरवलं आणि संपादनाची जबाबदारी मुंबईत स्थायिक झालेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे आली. जुनी मोडी कागदपत्रं वाचून द्यायची म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. कुटुंबाच्या इच्छेनुसार माणसांची आणि गावाची नावं इथे दिलेली नाहीत.

वृत्तांतातलं सर्वात रंगतदार प्रकरण संपादकांनी स्वतःच्या पणजोबांवर लिहून तयार ठेवलं होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिगत अशी: पणजोबा मराठा पलटणीत शिपाई होते, पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या (आजच्या इराकमधल्या) लढाईला गेले, कुतच्या वेढ्यात सापडले आणि तुर्कांच्या कैदेत वारले. पुरावा म्हणून देव्हाऱ्यात एक पदक. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं.

हकिगत इतिहासाशी छान जुळत होती. १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फंट्री पलटणी ६व्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. हे डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखाताच्या टोकाला उतरलं, बसरा घेऊन तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकलं आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला अडलं. तिथून माघार घेऊन जनरल टाउनशेंडचं सैन्य कुत-अल-अमारा या गावात शिरलं आणि तुर्कांनी वेढा घातला. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी शिधा इतका घटला की घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. हिंदी शिपायांनी ते मांस बरेच आठवडे नाकारलं, त्यामुळे स्कर्व्ही (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) आणि उपासमार त्यांच्यात जास्त झाली. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास-अल-ऐनच्या परिसरात रेल्वेच्या कामाला जुंपलं.

संपादकांनी हे सगळं मन लावून वाचलं होतं आणि पणजोबांना त्यात बसवलं होतं. वेढ्यातली भूक, मोसुलची वाट, शेवटचा श्वास. लिखाण वाईट नव्हतं. फक्त त्यातलं एकही वाक्य पणजोबांबद्दलच्या कुठल्या कागदावरून आलेलं नव्हतं.

अडचण कुठे होती

पहिली शंका त्यांनाच आली होती. दिल्लीला गेले असताना इंडिया गेटवर त्यांनी पणजोबांचं नाव शोधलं आणि ते सापडलं नाही. त्याचा अर्थ काहीच होत नाही. इंडिया गेटवर कोरलेली तेरा हजारांहून अधिक नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. इराकमध्ये मेलेल्या आणि कबर वा दहनस्थळ माहीत नसलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथेही हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरली नव्हती. अधिकाऱ्यांची नावं आणि बाकीच्यांची पलटणवार संख्या, एवढंच. शिपायांची नावं नोंदवहीत होती आणि ती आता राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

तिथे शोधल्यावर नाव मिळालं! शिपाई, ११०वी मराठा, मृत्यू ऑक्टोबर १९१६, बसरा स्मारक. बापाचं नाव तेच, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी. (सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्यामुळे जुन्या नोंदीत रत्नागिरीच असणार.) गावाच्या नावाचं स्पेलिंग वेडंवाकडं, तरी ओळखू येण्यासारखं. संपादकांच्या दृष्टीने विषय संपला होता.

मला दोन गोष्टी खटकत होत्या. नोंदीत बायकोचं नाव होतं आणि ते पणजीचं नव्हतं. यावर त्यांचं उत्तर तयार होतं: लग्नात नाव बदलतात, माहेरचं लागलं असेल. हे उत्तर चुकीचं म्हणता येत नाही. आपल्याकडे एका बाईची दोन नावं कागदोपत्री सर्रास सापडतात, त्यामुळे बायकोच्या नावावरून ना सिद्ध होतं ना खोडलं जातं.

दुसरी गोष्ट पदकाची. फोटोत ते चांदीचं वाटत नव्हतं.

कोणते मार्ग समोर होते

छपाईची तारीख जवळ होती, त्यामुळे पहिला मार्ग अर्थातच आहे ते छापणं. हाती युद्धकबर आयोगाची नोंद आहे, घरची आठवण आहे, पदक आहे. बहुतेक कुलवृत्तांत याहून कमी पुराव्यावर छापले जातात.

दुसरा मार्ग वरून खाली यायचा: बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र, लंडनमधल्या इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) दप्तरात शोध. त्या काळच्या साध्या हिंदी शिपायाची सलग सेवापुस्तिका हाती लागण्याची आशा फारशी धरू नये. मिळालीच तरी ती ‘त्या नावाच्या शिपायाची’ मिळणार. तो शिपाई आपला पणजोबा होता का, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

तिसरा मार्ग खालून वर: गावचे फेरफार (जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी), कोतवाल बुक (गावातल्या जन्ममरणाची वही) आणि घरातलं सर्वात वयस्क माणूस. यात लढाई कुठेच नाही. जमीन, मरण आणि वारस एवढंच. संपादकांना हे कंटाळवाणं वाटत होतं. “त्यात काय मिळणार, सातबाराच ना?” असं ते म्हणाले.

मी तिसऱ्याचा आग्रह धरला. कारण साधं आहे. शिपाई म्हणून मेलेल्या माणसाचं जे काही गावात मागे उरलं, त्यावर कोणीतरी हक्क सांगितला असणार, आणि हक्क सांगितला की तलाठ्याकडे नोंद होते. मोठ्या इतिहासात हा माणूस नेमका कुठे बसतो, ते या छोट्या नोंदीवरून ठरवायचं. उलट दिशेने गेलं की इतिहासातली ठळक घटना माणसाला आपल्याकडे ओढून घेते. इथे तेच झालं होतं.

काय केलं

सुरुवात संपादकांच्या आत्याकडून केली. वय चौऱ्याऐंशी, गावच्या घरातच राहतात, ऐकू कमी येतं पण आठवण शाबूत. पणजोबा हे त्यांचे आजोबा. त्यांना त्यांनी पाहिलेलं नाही, आजीला मात्र वीस-एक वर्षं पाहिलं.

लढाईबद्दल विचारलं की आत्या घरची ठरलेली हकिगत सांगत, जवळजवळ त्याच शब्दांत. म्हणून प्रश्न बदलला. आजीचं पोट कशावर चालायचं? तिला पेन्शन होती का? लढाईत किंवा कैदेत मेलेल्या शिपायाच्या वारसाला पेन्शन मिळण्याची तरतूद तेव्हा होती, आणि विधवेच्या घरात येणारी दरमहाची रक्कम नातवंडं विसरत नाहीत.

आत्या हसल्या. “माझ्या आजयेक खंयची पेन्शन? पेन्शनवाली ती शेजारची जाव.”

पेन्शनवाली जाऊ हे पात्र कुटुंबाच्या हकिगतीत तोवर कुठेच नव्हतं. आत्यांनीही तिला पाहिलं नव्हतं, आजीच्या तोंडून ऐकलं होतं. मूलबाळ नव्हतं, पैसे यायचे, आणि ती गेल्यावर तिचा मळा आपल्याकडे आला.

पदकाचा उलगडाही तिथेच झाला. दर दसऱ्याला ते घासायचं काम आत्यांचं. कशाने घासता? चिंचेने. चांदीला कोण चिंच लावतं? तांबं-पितळ घासावं तसं त्या ते साठ वर्षं घासत होत्या, कारण हाताला ते चांदी लागतच नव्हतं. घरातल्या पुरुषांनी मात्र ते काळं पडलेली चांदी म्हणून सांगितलं होतं. गावच्या सोनाराने बघताक्षणी चांदी नसल्याचं सांगितलं.

पहिल्या महायुद्धाचं हे ब्रिटिश युद्धपदक लढणाऱ्या शिपायांना चांदीचं मिळालं. ब्राँझमधली आवृत्ती मजूर तुकड्या आणि इतर बिनलढाऊ नोकरांसाठी काढली होती: हिंदी, चिनी, माल्टाचे मजूर. पदकाच्या कडेवर मिळालेल्याचा क्रमांक, नाव आणि तुकडी बारीक अक्षरांत ठोकलेली असते. साठ दसऱ्यांच्या चिंचेने ती बरीचशी गेली होती. विजेरी आडवी धरून फोटो काढले तेव्हा नावाचा शेवट आणि त्यापुढे ‘लेबर’ या इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरं वाचता आली.

मग तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून जुनी मोडी दप्तरं बऱ्याच ठिकाणी बाहेर निघाली आहेत, काही जिल्ह्यांनी पानं संकेतस्थळांवरही टाकली आहेत. इथे मूळ बाडच पाहायला मिळालं, अर्ज आणि थोडी चिकाटी एवढ्या मोबदल्यात. तीन नोंदी कामाच्या निघाल्या.

१९१७ चा फेरफार: अमुक खातेदार ‘पलटणीत असता लढाईवर मयत’, वारस विधवा पत्नी. पत्नीचं नाव युद्धकबर आयोगाच्या नोंदीतलंच.

१९२१ चा फेरफार: त्याच नावाचा, त्याच बापाच्या नावाचा दुसरा खातेदार ‘सुमारे अडीच वर्षांपूर्वी मयत’, वारस मुलगा, अज्ञान (अल्पवयीन), अ.पा.क. आई. म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. हिचं नाव पणजीचं.

१९२९ चा फेरफार: पहिल्या खातेदाराची विधवा मयत, मूलबाळ नाही, वारस चुलत पुतण्या. हा पुतण्या म्हणजे दुसऱ्या खातेदाराचा तोच मुलगा, संपादकांचे आजोबा.

एकाच नावाचे दोन चुलत भाऊ. दोघांच्याही बापांना एकाच आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणून बापाचं नावही सारखं. आजोबांचं नाव नातवाला देण्याच्या आपल्या रिवाजाने वंशावळीत असे जोड सतत तयार होतात. मालवण काय आणि सातारा काय. आजोबांना दोघांचीही जमीन मिळाली. शेजारच्या काकाच्या मळ्यासोबत त्याची हकिगतही घरात आली आणि पुढच्या पिढीत दोन माणसांचा एक पणजोबा झाला.

अडीच वर्षांपूर्वी मयत म्हणजे १९१८ चा उत्तरार्ध. कोतवाल बुकात ऑक्टोबर १९१८ मध्ये नोंद सापडली: नाव, बापाचं नाव, वय ३२, कारण ‘ताप’. कोतवाल बुकात गावात झालेलं मरण लिहितात. पणजोबा बसऱ्याला वारले नाहीत, घरी वारले. त्या पानावर वर-खाली कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप एवढंच आहे, बायकांची आणि तरण्या माणसांची नावं जास्त. मोडी वाचताना एरवी मी अक्षराकडे बघतो. इथे एकाच शब्दाची उभी ओळ दिसत होती.

काळाशी सांधा

आता इतिहासाची पुस्तकं पुन्हा उघडली, यावेळी वेगळा प्रश्न घेऊन.

कुतचा वेढा फोडायला निघालेलं सैन्य अपयशी ठरलं, त्यात पाऊस, चिखल आणि तुर्कांचे खंदक होतेच, पण माल पोचवता न येणं हेही मोठं कारण होतं. बसऱ्याला धड धक्का नव्हता. जहाजं नदीत उभी राहत आणि माल होड्यांतून उतरवला जाई. नदीतल्या आगबोटी अपुऱ्या होत्या. कुत पडल्यावर सरकारने हे बदलायला घेतलं: धक्के, बंधारे, लोहमार्ग. बसरा-नासिरिया रेल्वे १९१६ च्या अखेरीस सुरू झाली. ११ मार्च १९१७ ला बगदाद पडलं ते या तयारीच्या जोरावर. आणि या सगळ्याला माणसं लागली. हिंदुस्थानातून मजूर तुकड्या, हमाल तुकड्या गेल्या, तुरुंगातल्या कैद्यांच्यासुद्धा तुकड्या नेल्या.

चुलत भाऊ कुतला अडकला आणि कैदेत मेला. त्याच पराभवातून निघालेल्या मजूरभरतीत पणजोबा बसऱ्याला गेले. दोघांची गाठ अशी आहे. संपादकांच्या पहिल्या मसुद्यापेक्षा मला ही जास्त नाट्यमय वाटते.

परतीचा काळही जुळतो. जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत मुंबई इलाखा होरपळला. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात, त्यात वीस ते चाळीस वयाची माणसं मोठ्या प्रमाणात. पावसाळ्यात बंद असलेली कोकणची आगबोट त्याच सुमाराला पुन्हा सुरू व्हायची. मुंबईत मोकळा झालेला मालवणचा माणूस तिनेच घरी येणार. पणजोबा याच बोटीने आले असं म्हणायला कागद नाही. म्हणून वृत्तांतात तसं लिहिलेलं नाही. नोंदीची तारीख, साथीची तारीख आणि बोटीचा हंगाम शेजारी शेजारी ठेवले आहेत.

हे युद्धपदक निघालंच १९१९ मध्ये. माणूस गेल्यानंतर घरी सरकारी पदक आलं, तेही शेजारच्या घरात लढाईत मेलेल्या दिराची पेन्शन येत असताना. हकिगत कशी जुळली असेल याचा अंदाज यावरून करता येतो.

निर्णयाच्या जागा

सगळ्यात अवघड निर्णय संशोधनाचा नव्हता. ‘मजूर तुकडी’ हे शब्द ऐकल्यावर आत्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “आमचो आजो हमाल नव्हतो.” संपादकांच्या धाकट्या भावाची भीती वेगळी होती. कैद्यांच्या तुकड्या होत्या म्हणता, मग आपले पणजोबा तुरुंगातून तर नव्हते गेले? भावकीत तसं पसरलं तर?

या भीतीला उत्तर देणारं काही कागदपत्रांत नव्हतं, पण तिला आधार देणारंही काही नव्हतं. मी सुचवलं की पदकावर वाचता येतं तेवढंच लिहावं, म्हणजे मजूर तुकडी, आणि कैद्यांच्या तुकड्यांचा उल्लेख काळाच्या वर्णनातूनही या प्रकरणापुरता गाळावा. पुरावा नसताना शेजारी ठेवलेली माहितीसुद्धा आरोपासारखी वाचली जाते. संपादकांनी मानलं. यावर दुसरं मत असू शकतं. काळाचं चित्र असं निवडून रंगवणं बरोबर नाही, असं एका जाणत्या मित्राने मला सुनावलंही.

आत्यांचा प्रश्न मात्र शब्द मवाळ करून सुटणारा नव्हता. ‘सैन्याच्या सेवेत’ असा गुळमुळीत प्रयोग सुचवला गेला, तो मी नाकारला. त्याऐवजी आत्यांना बसऱ्याच्या धक्क्याची, रेल्वेच्या भरावाची हकिगत वाचून दाखवली आणि शेवटी त्यांनीच विचारलं, मग पगार घरी कसा यायचा? तिथून बोलणं सुरळीत झालं.

दुसरी निर्णयाची जागा चुलत भावाची. त्याला वंश नाही, म्हणजे कुलवृत्तांतात त्याच्या नावापुढे ‘निपुत्रिक’ एवढा एक शब्द पडणार होता. भावकीतल्या काहींचं म्हणणं होतं की आहे तसं राहू द्या, शंभर वर्षं कोणाचं काय बिघडलं? संपादकांनी इथे कच खाल्ली नाही. स्वतःच्या पणजोबांकडून कुतचा वेढा काढून घेतला आणि तो ज्याचा होता त्याच्या नावावर लावला. पानंही त्यालाच जास्त दिली.

निष्पत्ती

वृत्तांत चार महिने उशिरा छापला गेला. एका प्रकरणाची दोन झाली. पणजोबांच्या प्रकरणात जन्माचं अंदाजे साल, मजूर तुकडी, ऑक्टोबर १९१८ चा मृत्यू आणि पणजीने अज्ञान मुलाच्या नावावर जमीन कशी टिकवली हे आलं. हा शेवटचा भाग आधीच्या मसुद्यात अजिबात नव्हता आणि माझ्या मते आता तोच सर्वात भक्कम आहे, कारण तिचा अंगठा फेरफारावर आहे. दोन्ही प्रकरणांत कागदावरून आलेलं, तोंडी आठवणीतून आलेलं आणि काळावरून केलेलं अनुमान वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

आत्यांकडे सर्वात आधी जायला हवं होतं, संकेतस्थळाच्या आधी. नाव सापडल्यावर घरातल्या सगळ्यांनी ते आत्यांना फोनवर सांगून टाकलं होतं, त्यामुळे त्यांची स्वतःची आठवण कुठली आणि कानावर आलेली कुठली हे वेगळं करायला वेळ गेला. मुलाखतीत लढाईऐवजी चुलीचे प्रश्न आधी विचारावेत: पैसे कुठून येत, कोण कोणाकडे जेवायला असे, मळा कोणाचा होता.

पदक सोनाराकडे देण्याआधी कडेचे फोटो काढायला हवे होते. त्याने सवयीने ते चकाकवून दिलं आणि आधीच पुसट झालेली दोन-तीन अक्षरं त्यात गेली. अशा वस्तूला चिंच, राख, पॉलिश काहीही लावू नये. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावं.

वंशावळीत एकच नाव आणि बापाचं एकच नाव दिसलं की लगेच तिसरी पिढी लिहायची, म्हणजे आजोबाचं नाव. इथे तीच गोष्ट पहिल्या दिवशी केली असती तर दोन माणसं आहेत हे फेरफार न बघताही कळलं असतं. भावकीच्या जुन्या वंशावळीच्या कागदावर ती दोन्ही नावं दोन वेगळ्या फांद्यांवर लिहिलेली होती. तो कागद संपादकांच्याच कपाटात होता, फक्त मोडीत.

राहिलेलं काम एक. युद्धकबर आयोगाच्या नोंदीतलं गावाचं स्पेलिंग दुरुस्त करून घ्यायचं आहे. त्याला कागदी आधार लागतो. १९१७ च्या फेरफाराची साक्षांकित नक्कल आणि तिचं इंग्रजी भाषांतर जोडून अर्ज तयार आहे. सही संपादक करणार आहेत आणि नात्याच्या रकान्यात चुलत पणतू लिहिणार आहेत.